गाढववाला सैनिक

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर अर्धवट राहिलं म्हणून लिहितेय. 25 एप्रिलला इथे ॲन्झॅक डे असतो, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा दिवस, यंदा पहिल्यांदाच पहाटे मेलबर्नच्या श्राइनला, म्हणजे इथल्या युद्धस्मारकाला गेले, थंडीने दात वाजत होते, एवढी गर्दी पण कुणी खोकलं तरी ऐकू येईल अशी शांतता. उजाडल्यावर तिथल्या बागेत एक छोटासाच पुतळा बघितला, गाढवावर जखमी सैनिक आणि त्याला धरून चाललेला दुसरा. बाबा, तुम्ही मला गणित चुकलं की ज्या नावाने हाक मारायचात ना, त्याचा इथे पुतळा आहे!

तो चालणारा म्हणजे जॉन सिम्पसन. खरं आडनाव कर्कपॅट्रिक, मूळचा इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सचा, लहानपणी सुट्टीत तिथल्या बीचवर गाढवं सांभाळायचा. 1910 ला ऑस्ट्रेलियात जहाजावरून पळाला, मग ऊसतोड काय, कोळशाची खाण काय, मिळेल ते केलं पण आईला पैसे पाठवायचं चुकवलं नाही. 1914 ला सैन्यात भरती झाला, तेही म्हणे फुकटात घरी जाता येईल म्हणून, आणि निघाला इजिप्त, तिथून तुर्कस्तानातलं गॅलिपोली, पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर.

काम स्ट्रेचर उचलायचं. याने एक गाढव धरलं आणि गोळीबार चालू असताना दरीतून जखमींना खाली किनाऱ्यावर आणत राहिला. आणि राहायचा कुठे माहितीये? आपल्या हिंदी सैन्याच्या 21व्या कोहाट माउंटन बॅटरीच्या, म्हणजे डोंगरी तोफखान्याच्या, खेचरांच्या तळावर! जेवणही त्यांच्यातच, ते त्याला बहादूर म्हणायचे. शाळेत पोरांना सांगतात की तीनशे जणांना वाचवलं, जेमतेम साडेतीन आठवड्यांत ते कसं जमेल, मला काही पटत नाही. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वात मोठं पदक, द्यायची मागणीही 2013 ला नाकारली, बाकीचे स्ट्रेचरवालेही तेवढंच करत होते म्हणून, आणि ते बरोबरच आहे.

19 मे 1915 च्या सकाळी नाश्ता तयार नव्हता, तर आल्यावर जेवतो, चांगलं करून ठेवा असं सांगून पुढे गेला म्हणतात. मोनॅश व्हॅलीत मशीनगनची गोळी लागली. वय 22. आई, तू दारात वाटी घेऊन उभी राहायचीस आणि मी उशीर झाला म्हणून तशीच पळायचे, ते आठवलं एकदम.

बाबांच्या गोळ्या संपायच्या आत आणा. पैसे काल टाकलेत, बँकेचा मेसेज आला का बघा.

तुमची,
गाढव