या वर्षी आपल्या घरी कुरडया नाहीत

टोरांटो,
फाल्गुन

ती. वहिनी,
सा. न.

होळी झाली की गल्लीत गहू भिजू लागतील. आईचं वर्ष अजून सरलेलं नाही, म्हणून आपल्याकडे वाळवण नाही, हे बरोबरच. पण तिचं मोठं पातेलं, पितळी सोऱ्या आणि गच्ची सगळ्यांना मोकळी ठेवा. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी इतर प्रत्येकानं डबाभर कुरडया पोचवायच्या, हा रिवाज एक्क्याण्णव वर्षं जगलेल्या या बाईनं शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत सांभाळला. १९७२ च्या दुष्काळात गहू नव्हता, तर रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीचे पापडासारखे बिबडे करून वाटले, पण कुठलं घर वगळलं नाही.

यंदा तुमच्या लेकींना तिची रीत नीट दाखवा. गहू लोकवन, तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं. एक दिवस जरी चुकलं तरी आंबूस वास धरतो आणि तो तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी वाटून, कापडातून पिळून चीक रात्रभर बसू द्यायचा, सकाळी वरची निवळी ओतून टाकायची. तळाशी चीक घट्ट बसतो. तो हातानं पुरता मोकळा केल्याशिवाय मापू नये, नाहीतर पाण्याचा अंदाज हमखास चुकतो. जेवढा चीक तेवढंच पाणी, त्याच भांड्यानं मोजून. पाण्यात मीठ-हिंग घालून उकळी आली की एकीनं धार सोडायची, दुसरीनं सतत घाटायचं. एका वेळी दोन किलो गव्हाचाच चीक, त्यापुढे हात फिरत नाही आणि गुठळ्या होतात. पांढरेपणा जाऊन तकाकी आली, ओलं बोट लावल्यावर चिकटेना, की झाकून वाफ द्यायची. कच्च्या चिकाच्या कुरडया वाळताना तुटतात आणि तळणीत फुलत नाहीत. गरम असतानाच सोऱ्यात भरा, थंड चिकाला जोर लावला की दट्ट्या वाकतो.

दोन घरांचा चीक ती कधीच एकत्र करत नसे. एकाचा आंबला तर दोघींचंही गेलं. काम मात्र एकत्र, भांडी वेगळी, हे तिचं शहाणपण मला फार मोठं वाटतं.

पहिली पाळी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची. चैत्रातलं ऊन भरवशाचं असतं, पुढे अवकाळीचं सावट येतं, आणि भिजलेलं वाळवण पुन्हा करायचं बळ त्यांच्यात नसतं. संध्याकाळी उलटून घरात घ्यायचं, तीन उन्हं पुरी द्यायची. आत ओल राहिली तर आषाढात डब्यात बुरशी दिसते. चोथा फेकू देऊ नका. तीळ, जिरं, लसूण-मिरची घालून भुसवड्या होतात. आणि गरम चिकाची वाटी आधी लेकुरवाळीकडे, मग पोरांना दूध-साखर घालून.

घरांच्या पाळीची यादी कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला तिच्या हातची आहे, खडूनं लिहिलेली. दादा रंगकाम काढणार आहेत असं कळलं. तेवढी फळी सोडायला सांगा, आणि कोपऱ्यावरची दोन नवी भाडेकरू घरं तिच्याखाली लिहून घ्या. ती आई गेल्यानंतर आली, म्हणून यादीत नाहीत.

तुमची,
ताई