ताई, ‘आत्ता नको’ म्हणालात त्याबद्दल

ताई,

कपाट आवरताना तुमच्या चिठ्ठ्या सापडल्या. वाचनालयात पुस्तक परत करण्याआधी प्रत्येक वेळी तुम्ही आत ठेवलेली चिठ्ठी काढून एका पाकिटात टाकायची सवय मला कधी लागली, आठवत नाही. मोजल्या तर एकोणचाळीस भरल्या. जुन्या तारखांच्या कार्डाचे मधोमध कापलेले तुकडे, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या तीन-चार ओळी आणि कोपऱ्यात तुमची ती छोटी चंद्रकोर, म्हणजे ‘रात्री वाचलं तरी चालेल’. काही ठिकाणी चंद्रकोरीवर काट मारलेली आहे. ती पुस्तकं मी हट्टाने रात्रीच वाचली होती. काट बरोबर होती.

समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही ‘असू दे रे’ म्हणता आणि पुढच्या वाचकाकडे वळता. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण भयकथा सुचवणं हे केवढं जोखमीचं काम आहे ते फार थोड्यांना माहीत असतं. मलाही नव्हतं.

मी पहिल्यांदा तुमच्या टेबलाशी आलो तेव्हा मोठ्या रुबाबात म्हणालो होतो, “नारायण धारप झाले, रत्नाकर मतकरी झाले. आता नवीन काहीतरी द्या. सगळ्यात भीतीदायक असेल ते.” मला वाटलं, तुम्ही उठाल आणि कपाटातून एखादं काळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक काढून द्याल. तुम्ही बसूनच राहिलात आणि विचारलंत, “अर्ध्यात सोडून दिलेलं शेवटचं पुस्तक कोणतं?”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग दुसरा प्रश्न आला. वाचलेल्या, ऐकलेल्या गोष्टींतली कोणती भीती इतक्या वर्षांनीही अंगावर येते? मी जरा विचार करून सांगितलं, की गोष्टीतलं माणूस रोजचंच असतं, पण त्याच्या वागण्यात एक बारीकसा बदल झालेला असतो आणि तो घरात एकट्यालाच जाणवतो, ती. तुम्ही वहीत काहीतरी टिपलंत. “भयानक हवंय की बीभत्स, एवढं सांगा,” म्हणालात. मी गप्प. दोन्ही एकच समजून मी आयुष्य काढलं होतं.

त्या दिवशी तुम्ही जे समजावलंत ते मी नंतर कितीतरी जणांना सांगितलं. नाट्यशास्त्रात आठ रस मोजताना भरतमुनींनी भयानक आणि बीभत्स वेगळे काढले आहेत. एकाचा स्थायिभाव, म्हणजे मुळाशी असलेला भाव, भय; दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस. बीभत्सातून भयानक उपजतो असंही तिथेच म्हटलं आहे, म्हणजे नातं मान्य आहे, पण घरं दोन. दुकानात दोन्ही एकाच फळीवर ठेवतात आणि वाचक फसतो. ज्याला दाराबाहेरची चाहूल हवी असते त्याच्या हातात आतडी पडतात. मग तो म्हणतो, “मला हॉरर आवडत नाही.”

आणि शाकुंतलातलं ते हरीण! दुष्यंताच्या रथापुढे पळणारं, मान वळवून पुन्हा पुन्हा मागे पाहणारं, धापेने उघडलेल्या तोंडातून अर्धवट चघळलेले दर्भ वाटेवर सांडणारं. नाट्यशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्तांनी भयानक रस समजावताना हाच श्लोक घेतला, हे तुम्ही सांगितलंत. ती भीती ना हरणाची उरते ना माझी, म्हणूनच ती चाखता येते. मी शाळेत हा श्लोक पाठ केला होता. त्यात भीती आहे हे मला त्या टेबलाशी उभं राहून पहिल्यांदा कळलं.

नव्या पुस्तकांकडे तुम्ही मला ओढून नेलं नाहीत, हळूहळू वळवलंत. मी ‘आपल्याकडे आता तसं कोणी लिहीत नाही’ असं म्हणायचो. धारप २००८ साली गेले, मतकरी २०२० साली; माझ्या मते त्यांच्याबरोबर सगळं संपलं होतं. तुम्ही वाद घातला नाहीत. ‘दंशकाल’ हातात दिलीत, चिठ्ठीवर फक्त एवढंच, “हृषीकेश गुप्ते. घाई करू नका. यातलं घर नीट बघा.” दुसऱ्या आठवड्यात मी स्वतःहून त्यांचं दुसरं काही मागायला आलो. बाहेरच्या भाषांचं मला वावडं होतं, तेव्हा तुम्ही धारपांचीच आठवण करून दिलीत. माझ्या लाडक्या ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची १९७५ ची ‘सेलम्स लॉट’ आहे. “त्यांनी दार उघडं ठेवलं होतं, तुम्ही का लावून घेताय?”

त्या दारातून काय काय आलं! अनुवादकाचं नाव बघून पुस्तक निवडायचं, ही तुमची युक्ती तर मी आजही वापरतो. अर्जेंटिनाच्या सामान्ता श्वेब्लिन आणि मारियाना एन्रिकेस, दोघींना इंग्रजीत आणणारी अनुवादक एकच, मेगन मॅक्डॉवेल. एकीचं वाचून झालं की दुसरीकडे जायला पूल तयार. नवीन लेखकाच्या बाबतीत आपल्याला काहीच ठाऊक नसतं, मुखपृष्ठावरची स्तुती सगळ्यांचीच सारखी असते. अशा वेळी चांगला अनुवादक कशावर वर्ष-दोन वर्षं खपला आहे, हे बघणं हा केवढा सोपा आणि खात्रीचा धागा!

आता ती गोष्ट, जी तुम्हाला माहीत आहे आणि तरी मला लिहायचीच आहे.

श्वेब्लिनची ‘फीवर ड्रीम’ वाचून मी भारावलो होतो. मूळ स्पॅनिश पुस्तक २०१४ चं, नाव ‘दिस्तान्सिया दे रेस्काते’, म्हणजे सुटकेचं अंतर. काही झालं तर धावत जाऊन मुलीला वाचवायला आपल्याला किती वेळ लागेल, हे त्यातली आई सतत मोजत असते. तिच्यात आणि मुलीत जणू एक दोरी आहे, आणि ती कधी सैल असते, कधी ताणलेली. शेतातलं विष पाण्यातून, मातीतून मुलांपर्यंत पोचतं. छोटंसं पुस्तक, एका बैठकीत संपतं. मी ते कामावरच्या एका मैत्रिणीला दिलं. तिचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं. देताना काय म्हणालो? “काही विचारू नकोस, नुसतं वाच.”

तिसऱ्या दिवशी तिने पुस्तक पिशवीत गुंडाळून परत आणलं. आवाज चढवला नाही. दोन रात्री ती पाळण्याशेजारी बसून होती, बाळाच्या छातीवर हात ठेवून, श्वास मोजत. एवढंच सांगून ती जागेवर गेली. आणि मी काय म्हणालो असेन? “पण पुस्तक चांगलं आहे ना?”

संध्याकाळी तुमच्याकडे आलो तेव्हा मला वाटत होतं, तुम्ही माझी बाजू घ्याल. तुम्ही विचारलंत, “देताना तिला काय सांगितलं होतंस?” (त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही मला ‘तू’ म्हणालात.) मी म्हटलं, “काहीच नाही. सांगितलं की मजा जाते.” तुम्ही पाकिटातली एक कोरी चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवलीत. “रहस्य लपव. विषय लपवू नकोस. यात लहान मुलांच्या जिवाशी खेळ आहे, एवढं लिहिलं असतंस तर शेवट कळला असता का तिला?”

नसता कळला. तेवढ्या एका ओळीने पुस्तकातलं काहीच उघडं पडत नाही, फक्त वाचणाऱ्याला आपलं दार किती उघडायचं ते ठरवता येतं. मी मागे जाऊन तुमच्या जुन्या चिठ्ठ्या बघितल्या. बहुतेकींवर ती ओळ होतीच. ‘कुत्रा मरतो.’ ‘आजारपण आहे, लांबलचक.’ ‘घरातल्याच माणसाकडून मारहाण, मधल्या भागात.’ मी त्या ओळी वाचून सोडून देत होतो, कारण त्या माझ्यासाठी कधी लागूच पडल्या नव्हत्या.

मग पडल्या. बाबांच्या हृदयाचं निदान झालं त्या महिन्यात मी तुमच्याकडे येऊन म्हणालो, “असेल नसेल ते सगळ्यात काळंकुट्ट द्या.” झोप उडालीच होती, म्हटलं निदान वाचू तरी. एन्रिकेसची ‘अवर शेअर ऑफ नाइट’ नुकतीच आली होती, जाडजूड, टेबलावर तुमच्या कोपराशी ठेवलेली. मी तिच्याकडे हात केला. तुम्ही तिच्यावर तळवा ठेवलात आणि म्हणालात, “आत्ता नको.”

मला राग आला होता, ताई. आज कबूल करतो. मी काय लहान मूल आहे का, असंही मनात आलं. तुम्ही दुसरं एक पुस्तक दिलंत. जुन्या वाड्यातली, सावकाश चालणारी, शेवटी सगळं जिथल्या तिथे बसवणारी भुताची गोष्ट. चंद्रकोर दोनदा काढलेली. हॉस्पिटलच्या बाकावर मी ती तीन वेळा वाचली. तिथे मला शेवट ठाऊक असलेली भीती हवी होती, हे मला कळत नव्हतं. तुम्हाला कळलं.

बाबा घरी आले, हिंडू-फिरू लागले. चारेक महिन्यांनी तुम्ही स्वतःच ते जाडजूड पुस्तक पुढे सरकवलंत. चिठ्ठीवर दोनच शब्द, “आता चालेल.” उघडलं आणि पहिल्याच भागात १९८१ साल, लष्करी राजवटीतला अर्जेंटिना, माणसं गायब होण्याचे दिवस, आणि गाडीत एक बाप आणि त्याचा लहान मुलगा. बापाचं हृदय अधू. ज्या पंथाने त्याला अंधाराशी बोलण्यासाठी वापरलं, त्याच्या तावडीतून मुलाला सोडवायचा त्याचा आटापिटा. मी पुस्तक मिटलं आणि कितीतरी वेळ तुमचा तो तळवा मुखपृष्ठावर दिसत राहिला. त्या महिन्यात हे हातात पडतं तर मी बहुधा पुन्हा कधी भयकथा वाचली नसती. चार महिन्यांनी वाचलं, तर मी बाबांशेजारी जाऊन बसलो. काही बोललो नाही. ते पेपर वाचत होते.

पुस्तक देणारे खूप भेटले. नेमक्या वेळी हातातलं पुस्तक रोखून धरणारं आणि नंतर आठवणीने ते परत काढून देणारं माणूस मला एकच भेटलं.

एक बातमी द्यायची आहे. ती मैत्रीण गेल्या आठवड्यात आपणहून आली. मुलगी आता चालते. म्हणाली, “काहीतरी अंधारातलं दे, पण या वेळी सांगून दे.” मी बोरा चुंगचा कोरियन कथासंग्रह दिला, ‘कर्स्ड बनी’, २०२२ साली इंटरनॅशनल बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होता तो. आत चिठ्ठी ठेवली. माझी पहिलीच. ती इथे उतरवतो. तपासून बघा, काही राहिलं असेल तर पेन्सिलीने खूण करून ठेवा, मी शनिवारी येतो.

“शीर्षककथा आधी वाच. सशाच्या आकाराचा दिवा आहे, शापाचा. पहिली कथा किळसवाणी आहे, जेवणाच्या आसपास नको. दुसरीत गर्भारपण आहे. ‘स्नेअर’मध्ये लहान मुलांचे हाल आहेत, ती सोड; बाकीचं पुस्तक तिच्यावाचून अडत नाही. नाही आवडलं तर अर्ध्यात परत आण, कारण विचारणार नाही.”

चंद्रकोर काढली नाही. ती काढायची की नाही, ते अजून मला ठरवता येत नाही.

तुमचा,
एकोणचाळीस चिठ्ठ्यांचा धनी