ताई, त्या पोराला 'ढ' म्हणू नकोस

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस की स्पीच थेरपी म्हणजे तोतरं बोलणाऱ्यांना शिकवायचं ना, मग त्यात काळे गोरे कुठून आले, आणि तेवढ्यात तुझी रेंज गेली. म्हणून नीट लिहितेय, सावकाश वाच.

इथे फिलाडेल्फियात आमच्या क्लिनिकला येणारी बरीच मुलं आफ्रिकन अमेरिकन आहेत आणि त्यांची घरची इंग्रजी पुस्तकातल्यासारखी नसते. एखादं पोरगं 'ही बी वर्किंग' (He be working) म्हणालं की ऐकणाऱ्याला वाटतं याला साधं 'इज' लावता येत नाही. पण तसं नाहीये, त्यात पक्कं व्याकरण आहे. 'ही वर्किंग' म्हणजे तो आत्ता काम करतोय आणि 'ही बी वर्किंग' म्हणजे तो काम करत असतो, नेहमीच. आपलं लहान पोर करतोय आणि करत असतो यात कधी गोंधळतं का, तसंच त्यांचंही. पण टेस्ट बनवणाऱ्यांच्या कानाला ही भाषा चुकीचीच, मग अशा प्रत्येक वाक्याला मार्क कापायचे आणि शेवटी धडधाकट मुलाच्या फाईलवर भाषेचा विकार म्हणून शिक्का. मला याचा खरंच खूप राग येतो.

मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर गावात काही मुलांना असंच मागास ठरवलं होतं, तर त्यांच्या आया कोर्टात गेल्या आणि 1979 मध्ये जिंकल्या. जजने सांगितलं की वाचन शिकवताना मुलांच्या घरच्या भाषेचा विचार शाळेने केलाच नाही, आता शिक्षकांना ती भाषा समजावून द्या. म्हणजे शिकायचं होतं ते शिक्षकांनी! आमच्या व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेनेही 1983 मध्ये लिहून टाकलं की इंग्रजीची कुठलीही बोली हा विकार नाही. कागदावर ठीक आहे गं, पण कान एवढ्या लवकर बदलत नाहीत.

रेचल जेंटेलचं बघ. 2012 मध्ये फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या 17 वर्षांच्या निःशस्त्र काळ्या मुलाला गोळी घातली गेली, त्याच्या अगदी थोडं आधीपर्यंत ही त्याच्याशी फोनवर बोलत होती, म्हणजे सगळ्यात महत्त्वाची साक्षीदार. 2013 मध्ये खटल्यात ती कित्येक तास साक्ष देत होती, वय 19, इंग्रजीशिवाय घरची हैतीची क्रिओल आणि स्पॅनिशही येते. पण लोकांनी काय बघितलं तर तिचं बोलणं, तिचा रंग, तिचं जाड शरीर, मुलीच्या जातीने असं फटकळ बोलावं का वगैरे. निकाल देणाऱ्या ज्युरीतल्या एका बाईने नंतर टीव्हीवर सांगितलं की तिचं बोलणं समजायला जड गेलं आणि तिच्यावर विश्वासही बसला नाही. आरोपी सुटला. फक्त भाषेमुळे सुटला असं मी म्हणणार नाही, पण तिचं ऐकलंच गेलं नाही हे नक्की.

आणि हे फक्त तिथलं नाही. आमच्याच शहरात कोर्टात शब्दन् शब्द टाईप करणाऱ्या 27 रिपोर्टरांना काळ्या लोकांच्या बोलीतली वाक्यं ऐकवली तर त्यांनी सरासरी 60 टक्केसुद्धा वाक्यं बरोबर उतरवली नाहीत, 2019 मध्ये छापून आलंय हे. यांना सर्टिफिकेट 95 टक्के अचूकतेला मिळतं! साक्षीदार एक बोलणार, रेकॉर्डवर दुसरंच येणार आणि अपील त्याच रेकॉर्डवर चालणार.

म्हणून तुझ्या वर्गातल्या त्या तांड्यावरच्या मुलाचं तू म्हणालीस ना, गप्प बसतो, एक वाक्य धड बोलत नाही, ढ आहे, ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. तो घरी गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली बोलतो ताई, मराठी त्याला शाळेतच भेटली. तू वाईट शिक्षिका नाहीस, मला माहितेय, पण चाळीस पोरं सांभाळताना असा शिक्का पटकन बसतो. एक कर, तांड्यावरचीच एखादी मोठी मुलगी शेजारी बसव आणि त्याला त्याच्या बोलीत गोष्ट सांगू दे, बकरी हरवल्याची, लग्नाची, कसलीही. अर्थ ती सांगेल. किती लांब बोलतो, आधी काय झालं नंतर काय झालं हे जुळवतो का, एवढंच बघ. हसणाऱ्या पोरांना तेवढा वेळ बाहेर खेळायला सोड. आणि झालं की मला व्हॉट्सअ‍ॅप कर, रात्री कितीही वाजता.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझीच,
छोटी