नियम नवे, नोंद मात्र रोमन

ग्रंथालयांच्या तालिकीकरणातील, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या, नव्या नियमांविषयीचा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. बदलाचे स्वागत आहे, पण मराठी पुस्तकांचा मुख्य प्रश्न त्यात आलेलाच नाही. १९७८ च्या ‘एएसीआर २’ या जुन्या नोंद-नियमांनुसार तीनपेक्षा अधिक लेखक असले की पहिल्याचेच नाव लागे, बाकीचे ‘व इतर’मध्ये गडप. २०१० साली आलेल्या ‘आरडीए’ या नव्या नियमावलीने सर्वांची नावे देण्याची वाट मोकळी केली. पानांसाठीची ‘पी.’सारखी आखूड अक्षरे जाऊन पूर्ण शब्द आले, हेही बरेच झाले.

पण नोंदच रोमन लिपीत असेल तर? उपनगरातील एका ग्रंथालयात मी संगणकावर ‘ज्ञानेश्वरी’ शोधली. एका प्रतीची नोंद ‘डीएनवाय’ने सुरू होणारी, दुसरीची ‘जेएन’ने, तिसरीची ‘जीवाय’ने. तिन्ही प्रती कपाटात मात्र शेजारी-शेजारी! शेवटी शिपाईकाकांनीच त्या काढून दिल्या. त्यांना संगणक लागला नाही.

वास्तविक ‘आरडीए’ शीर्षक पुस्तकावर ज्या लिपीत आहे त्याच लिपीत उतरवायला सांगते. ‘मार्क’ या संगणकीय साच्यातील नोंदीत दुसऱ्या लिपीतील रूपासाठी ८८० क्रमांकाचे क्षेत्र (रकाना) आहे आणि युनिकोडमुळे टंकाची सबबही उरलेली नाही. तेव्हा जुन्या नोंदी सुधारायला हाती घेताना मराठी शीर्षके व लेखकनामे आधी देवनागरीत आणावीत. आखूड अक्षरांचे पूर्ण शब्द करणे मागाहून झाले तरी चालेल.

— एक निवृत्त ग्रंथपाल, दादर, मुंबई