संशोधन गटाचे संकेतस्थळ आणि त्याच्या चाव्या

संपादक महोदय,

विद्यापीठातल्या एखाद्या संशोधन गटाचे संकेतस्थळ उघडावे, तर पहिल्याच पानावर तीन वर्षांपूर्वीच्या परिषदेचा सामूहिक फोटो आणि त्याखाली ‘हॅलो वर्ल्ड!’ ही वर्डप्रेस या ब्लॉग आणि संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीने स्वतःहून टाकलेली नमुना नोंद, असे दृश्य नेहमीचे आहे. शोधनिबंधांची यादी शोधूनही सापडत नाही. गटाचे काम जोरात चालू असते, पण पाहणाऱ्याला वाटते की दुकान बंद झाले. मग खापर फुटते ब्लॉगच्या सोयीवर. ते रास्त नाही. टेरेन्स टाओ यांच्यासारखे गणितज्ञ २००७ पासून वर्डप्रेसवरच सूत्रांसकट लिहीत आले आहेत. चुकते ती मांडणी.

ब्लॉगमध्ये लिखाण दोन प्रकारचे असते, पोस्ट आणि पेज. पोस्टला तारीख चिकटलेली असते आणि नवी आली की जुनी खाली जाते. पेज आपल्या जागेवर राहते. म्हणून संशोधनाचे विषय, सदस्य, प्रकाशने आणि संपर्क ही पेजेस करावीत. पुरस्कार, व्याख्याने, रिक्त जागा एवढ्यांपुरत्याच पोस्ट ठेवाव्यात. त्यानंतर सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’मध्ये जाऊन मुख्यपान म्हणून ‘स्टॅटिक पेज’ निवडावे आणि पोस्टसाठी ‘बातम्या’ नावाचे एक कोरे पेज नेमून द्यावे. ते कोरेच ठेवावे, कारण तिथे लिहिलेला मजकूर सहसा दिसत नाही, फक्त पोस्टची यादी दिसते. स्वतःच्या सर्व्हरवर वर्डप्रेस बसवले असेल तर याच पडद्यावर सर्च इंजिनांना दूर ठेवणारी एक चौकट असते. काम चालू असताना तिच्यावर खूण केली जाते आणि पुढे ती काढायची राहते. मग संकेतस्थळ गूगलवर का दिसत नाही, याचा तपास महिनोन्महिने भलतीकडेच चालतो.

पानांचे पत्ते मात्र पहिल्या दिवशीच ठरवावेत. शीर्षक मराठीत दिले की वर्डप्रेस पत्ताही त्यावरूनच बनवते. तो ईमेलमध्ये चिकटवला की देवनागरीतले प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरांचे होते. काना, मात्रा, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. ‘प्रकाशने’ या एका शब्दाची त्यामुळे ७२ अक्षरे होतात. पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा असल्याने बाविसेक चिन्हांनंतरचे शीर्षक सरळ कापले जाते. शीर्षक खुशाल मराठीत असू द्यावे, पण पत्त्याच्या रकान्यात छोटा रोमन शब्द हाताने भरावा आणि पुन्हा बदलू नये. तो पत्ता एव्हाना कुणाच्या तरी शोधनिबंधात छापला गेलेला असतो.

प्रकाशनांच्या पानावर दुवा द्यायचा तो डीओआयचा, म्हणजे निबंधाला दिलेल्या कायमच्या ओळख-क्रमांकाचा. प्रकाशक संकेतस्थळाची रचना बदलतात तेव्हा त्यांच्या पानांचे थेट दुवे तुटतात. डीओआय नव्या जागी नेऊन सोडतो. निबंधाची छापील पीडीएफ सरसकट चढवू नये, हक्क बहुधा प्रकाशकाकडे असतात. लेखकाची स्वीकृत प्रत ठेवण्याची मुभा पुष्कळ नियतकालिके देतात, पण अटी आधी वाचाव्यात. मोजमापांच्या मोठ्या फायलींची जागा ब्लॉग नव्हे. त्या विद्यापीठाच्या भांडारात किंवा झेनोडो या संशोधन-फायलींच्या ऑनलाइन भांडारात ठेवल्या की त्यांनाही डीओआय मिळतो. फोटो चढवण्यापूर्वी १६०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करावेत. सदस्यांचे फोटो एकाच मापात चौकोनी कापावेत, नाहीतर ओळी वाकड्यातिकड्या दिसतात. गट सोडून गेलेल्यांची नावे पुसू नयेत. ‘माजी सदस्य’ म्हणून प्रबंधाच्या विषयासह ठेवावीत. नव्याने येऊ पाहणारा विद्यार्थी आधी तेच वाचतो.

खरी अडचण तांत्रिक नाहीच. संकेतस्थळ बहुतेक वेळा एखादा उत्साही पीएचडीचा विद्यार्थी स्वतःच्या ईमेलवरून काढतो. पदवी घेऊन तो गेला, की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो आणि गटाला चुका असलेले ते पान नुसते बघत बसावे लागते. खाते गटाच्या संस्थात्मक ईमेलवर उघडावे. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ किमान दोघे असावेत, त्यांतले एक मार्गदर्शक. बाकीच्यांना ‘ऑथर’ केले तर त्यांना स्वतःच्या पोस्ट टाकता येतात, पण पेजेसना हात लावता येत नाही. सदस्यांचे पान अद्ययावत ठेवणाऱ्याला ‘एडिटर’ करावे लागते. डोमेन विकत घेतले असेल तर त्याचे नूतनीकरणही व्यक्तीच्या कार्डावर नको. त्यापेक्षा विद्यापीठाच्या संगणक विभागाकडून उपडोमेन, म्हणजे विद्यापीठाच्याच पत्त्याखालचा एक पत्ता, मागून सीनेम नोंद (तो पत्ता गटाच्या संकेतस्थळाकडे वळवणारी नोंद) करून घ्यावी. उद्या मंच बदलला तरी पत्ता तोच राहतो.

मंच बदलायची वेळ येतेच. ‘एक्स्पोर्ट’ केल्यावर मिळणारी एक्सएमएल फाइल म्हणजे संपूर्ण प्रत, असा समज सर्रास आहे. त्या फाइलीत मजकूर असतो, फोटो आणि पीडीएफ नसतात, त्यांचे फक्त दुवे असतात. नव्या ठिकाणी ‘इम्पोर्ट’ करताना त्या फायली जुन्या संकेतस्थळावरून ओढल्या जातात. म्हणजे जुने आधी पुसले तर चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी उरतात. मीडिया लायब्ररी, म्हणजे चढवलेल्या फोटो-फायलींचा साठा, वेगळी उतरवून घ्यावी, नव्या संकेतस्थळावरचे प्रत्येक पान उघडून पाहावे आणि त्यानंतरच जुन्याला हात लावावा.

आपले,
संशोधन गटांची संकेतस्थळे सांभाळणारे काही वाचक