हलगीच्या वस्तादांना एक खोली द्या

महोदय,

सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांपुढे, हलगी कडाडली की अंगावर काटा येतो. पण ती वाजवणारी पोरं घडतात कुठे? आमच्या पेठेतल्या वयोवृद्ध वस्तादांनी उभी हयात यातच घातली. नव्या पोराच्या हाती ते लगेच हलगी देत नाहीत. आधी तोंडाने बोल, मग मांडीवर ताल, मग लांब बारीक काडी आणि आखूड टिपरू यांचा मेळ. दमट हवेत कातडं सैल पडलं की पालापाचोळा पेटवून हलगी शेकतात, बोटाने टिचकी मारून ताण जोखतात आणि पुन्हा जाळावर धरतात. कातड्याऐवजी फायबरचं पान चढवलं तर ही खटपट नको, पण तो खणखणीतपणाही नाही. फी ते एका पैशाची घेत नाहीत.

शाहीर राम जोशी सोलापूरचे, अमर शेख बार्शीचे, हे आपण अभिमानाने सांगतो. मग आज शिकवणाऱ्याला पावसाळ्यात दुकानाच्या वळचणीला का उभं राहावं लागतं? महापालिका शाळेची एखादी खोली त्यांना संध्याकाळी मिळावी. आणि सोलापूर विद्यापीठाने त्यांच्या चाली, त्यांचे हात चालताहेत तोवर, ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात.

– एक वाचक, सोलापूर