पॅराशूटला सही लागते, मग स्लिंगला का नको?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थाच्या कामांमुळे नाशिकच्या रस्त्यांवर हायड्रा (उचललेला माल घेऊन चालणाऱ्या चाकांवरच्या क्रेन) आणि मोठ्या क्रेन रोज दिसू लागल्या आहेत. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत ईओटी क्रेन, म्हणजे छताखाली रुळांवर चालणाऱ्या विजेच्या क्रेन, तर वर्षानुवर्षे चालतात. क्रेनची कागदपत्रे निदान मागितली तरी जातात. हूक आणि माल यांच्या मधे जे असते, म्हणजे स्लिंग (माल हुकाला अडकवायचा दोर), बेल्ट, शॅकल (जोडणीची यू-आकाराची कडी), चेन, त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. पुष्कळ ठिकाणी हे सामान कोपऱ्यात ढिगाने पडलेले असते. त्यावर क्षमतेचा बिल्ला नसतो, आणि ते कधी आणले, शेवटचे कोणी तपासले, हे सांगणारा माणूसही सापडत नाही. त्यातच ‘पेटंटेड सेफ्टी हूक’ किंवा ‘पेटंटेड लॉक’ घेतले की सुरक्षेचे काम झाले, असा समज दिसतो. तो धोकादायक आहे, म्हणून हे पत्र.

पेटंट हा सुरक्षिततेचा दाखला नव्हे. कल्पना नवी आहे का, त्या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नाही ना आणि ती उद्योगात वापरता येते का, हे पेटंट कार्यालय पाहते. हुकावर भार टाकून तिथे कोणी बघत नाही. म्हणून दुकानदाराकडे पेटंट क्रमांकाआधी टेस्ट सर्टिफिकेट मागावे, आणि त्यावरचा क्रमांक हुकावर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळतो का ते तिथेच पाहावे. पेटंटचा खरा उपयोग वेगळा आहे. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांनी हक्क संपतो, पण वर्णन आणि आकृत्या कायम खुल्या राहतात. कोणता अपघात टाळण्यासाठी कोणता भाग कसा बसवला, हे त्यात नीट लिहिलेले असते. आपल्या डिप्लोमा-इंजिनीअरिंगच्या मुलांनी ते आवर्जून वाचावे.

पॅराशूटचे उदाहरण घेऊ. मुख्य छत्री नीट उघडली नाही, तर ती सोडून देऊन राखीव छत्री उघडावी लागते. पूर्वीच्या बकलांमध्ये उजवा आणि डावा खांदा वेगवेगळा सोडवावा लागे. गरगर फिरणाऱ्या माणसाला ते जड जाई. बिल बूथ या अमेरिकन संशोधकाने १९७० च्या दशकात त्यावर तीन कड्यांची रचना काढली आणि तिचे पेटंट घेतले. मोठी कडी हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांना, शिवलेली. तिच्यातून मधली कडी घालून दुमडायची, मधलीतून छोटी घालून दुमडायची, छोटीवरून दोरीचा लूप घ्यायचा आणि त्या लुपातून प्लास्टिकचे आवरण असलेली केबल सरकवायची. प्रत्येक कडी तरफेसारखी काम करते, त्यामुळे माणसाचे सगळे वजन आणि झटका सोसूनही शेवटच्या लुपावर अगदी थोडा ताण येतो. केबल ओढली की लूप सुटतो आणि कड्या एकामागून एक उलटतात. एकाच हँडलने दोन्ही खांदे मोकळे होतात. यात ना स्प्रिंग, ना मोटर.

पण हीच रचना चुकीची जोडली तर घात करते. लूप फक्त छोट्या कडीतून जायला हवा. त्यात मधली कडीही अडकली तर तरफेचा फायदा जातो आणि ऐन वेळी केबल ओढली जात नाही. बरेच दिवस तशीच ठेवली तर मधली आणि छोटी कडी ज्यावर बसवलेली असते ती पट्टी दुमडलेल्या आकारात कडक होते आणि केबलवर मळ साचतो. म्हणून महिन्यातून एकदा सगळे सोडवायचे, पट्टी हाताने वाकवून मऊ करायची, केबल पुसायची आणि पुन्हा जोडायची. शोध उत्तम असूनही त्याला महिन्याची देखभाल लागतेच.

१९९१ मध्ये बाजारात आलेले ‘सायप्रेस’ हे उपकरणही असेच. जमिनीपासून सुमारे २२५ मीटरवर पोहोचूनही माणूस सेकंदाला ३५ मीटरहून जास्त वेगाने पडत असेल, तर ते राखीव छत्री बंद धरून ठेवणारा लूप आपोआप कापते. तरीही राखीव छत्री ठरलेल्या मुदतीत उघडून पुन्हा घडी करावीच लागते. अमेरिकेत ही मुदत १८० दिवसांची आहे. घडी करणारा परवानाधारक रिगर धाग्यावर स्वतःच्या खुणेचे सील लावतो आणि कार्डावर तारीख घालून सही करतो. छत्री कोणाच्या हातची आहे, हे त्या सीलवरून कळते. आम्हाला नेमके हेच आपल्या स्लिंगच्या बाबतीत हवे आहे.

पॅराशूटच्या इतिहासातली आणखी एक गोष्ट क्रेनवाल्यांनी लक्षात ठेवावी. १८३७ मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट कॉकिंग स्वतः बनवलेली उलट्या शंकूच्या आकाराची छत्री घेऊन बलूनवरून उतरले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. शिवण कमजोर होती हे एक कारण. दुसरे असे, की हिशेबात छत्रीचे स्वतःचे सुमारे ११३ किलो वजन धरलेलेच नव्हते. हीच चूक आजही साइटवर होते. गर्डरचे वजन धरले जाते, पण हूक ब्लॉक (हूक बसवलेला पुलीचा ठोकळा), स्प्रेडर बीम (स्लिंग फाकवून धरणारा आडवा दांडा), स्लिंग आणि शॅकल यांचे वजन धरायचे राहून जाते. समजा ब्लॉक ३०० किलोचा, बीम ६०० चा आणि बाकी सामान १०० चे. लोड चार्टवरच्या (क्रेन किती अंतरावर किती उचलते त्या तक्त्यावरच्या) आकड्यातून १ टन आधीच गेला. बूम (क्रेनचा हात) लांब आणि रेडियस (क्रेनपासून मालापर्यंतचे आडवे अंतर) जास्त असेल, तर तो एक टनच क्रेन उलटायला पुरेसा होतो.

स्लिंगच्या कोनाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. २ टनाचा माल दोन लेगच्या, म्हणजे हुकापासून मालापर्यंत दोन दोर असलेल्या, स्लिंगने उचलायचा आहे. लेग सरळ उभे असतील तर प्रत्येकावर १ टन येतो. आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन असेल तर १.१५ टन, ४५ अंशांना १.४१ टन, आणि ३० अंशांना पूर्ण २ टन. म्हणजे दोन लेग असूनही प्रत्येकावर सगळ्या मालाइतका ताण. कोन मोजायला यंत्र लागत नाही. मालावरच्या दोन अडकवणीच्या जागांमधले अंतर एका लेगच्या लांबीइतके असेल तर कोन ६० अंशांचा असतो. अंतर लेगच्या लांबीच्या १.४ पट झाले की ४५, आणि १.७ पटीवर गेले की ३० च्या आसपास. अंतर लेगपेक्षा जास्त दिसले की थांबावे आणि लांब स्लिंग आणावा. एवढे प्रत्येक हेल्परला सांगता येते, आणि सांगायलाच हवे.

कापडी बेल्टचा रंग त्याची क्षमता सांगतो. जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. हा आकडा सरळ उचलण्यासाठी आहे, फास घालून उचलताना तो ८० टक्के धरावा. धारदार कडेवर बेल्टखाली रबर किंवा जाड पॅड हवेच, कारण प्लेटची कड ताणलेला बेल्ट सुरीसारखी कापते. उन्हात पडून राहिल्यानेही बेल्ट आतून कमजोर होतो. प्लेटिंग करणाऱ्या कारखान्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. नायलॉनला ॲसिड सोसत नाही आणि पॉलिएस्टरला तीव्र अल्कली. कोणता बेल्ट कोणत्या शेडमध्ये वापरायचा, हे आधी ठरवून ठेवावे.

वायर रोपमध्ये तुटलेल्या तारा एका ‘ले’मध्ये मोजायच्या. एक स्ट्रँड (रोपाचा एक पेड) रोपभोवती पूर्ण फेरा घेते तेवढी लांबी म्हणजे एक ले. स्लिंगमध्ये एका लेमध्ये विखुरलेल्या १० किंवा एकाच स्ट्रँडमध्ये ५ तारा तुटल्या असतील तर तो बाद. रोप उघड्या हाताने चाचपू नये, फडके धरून फिरवावे, तार जिथे अडकते तिथे खडूने खूण करावी. व्यास मोजताना कॅलिपर दोन समोरासमोरच्या स्ट्रँडच्या उंचवट्यांवर लावावा. सपाट बाजूवर लावला तर आकडा कमी येतो आणि चांगला रोपही झिजलेला वाटतो.

बुलडॉग क्लॅम्प (दोराचे दुमडलेले टोक आवळणारी यू-बोल्टची पकड) उलटा लावलेला तर पावलोपावली दिसतो. त्याची खोबण भार घेणाऱ्या दोराच्या बाजूला आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकाच्या बाजूला हवा. उलटे झाले की यू-बोल्ट भाराच्या तारा चेंगरतो. १२ मिमीच्या रोपाला निदान ३ क्लॅम्प, दोन क्लॅम्पमध्ये साधारण ७२ मिमी अंतर, आणि पहिला भार घेतल्यावर नट पुन्हा आवळणे गरजेचे. ताणाखाली रोप बारीक होतो आणि नट सैल पडतात, म्हणून हे दुसऱ्यांदा आवळणे टाळू नये. रोजच्या उचलण्याच्या स्लिंगला मात्र क्लॅम्प नकोच, फेरूल (धातूची नळी) दाबलेला स्लिंग घ्यावा.

हूक नवा असतानाच तोंडाच्या दोन बाजूंना सेंटर पंचने एकेक खूण ठोकावी आणि त्यांच्यातले अंतर वहीत लिहावे. पुढे ते अंतर ५ टक्क्यांनी वाढले, म्हणजे ४० मिमीचे ४२ झाले, की हूक ओव्हरलोड होऊन उघडला आहे असे समजून तो काढावा. गरम करून पुन्हा वाकवणे किंवा त्यावर लॅचसाठी (हुकाच्या तोंडावरच्या स्प्रिंगच्या झडपेसाठी) वेल्डिंग करणे, दोन्ही वर्ज्य. हूक घडवून, उष्णतेची प्रक्रिया करून बनवलेला असतो, वेल्डिंगची उष्णता ती ताकद घालवते. मोडलेली लॅच बदलायला काही मिनिटे लागतात. ती तारेने मागे बांधून ठेवली की स्लिंग ढिला पडताच हुकाबाहेर येतो.

न्यूयॉर्कमध्ये १८५४ साली एलिशा ओटिस यांनी लोकांसमोर लिफ्टचा दोर कापायला लावला आणि लिफ्ट जागीच थांबली. दोराच्या ताणाने दाबून धरलेली स्प्रिंग ताण जाताच मोकळी झाली आणि बाजूच्या दात्यांत अडकली. ईओटी क्रेनचा ब्रेक याच विचाराचा असतो. वीज असताना तो उघडा राहतो, वीज गेली की स्प्रिंग तो बंद करते. हाताने साखळी ओढून माल उचलायच्या चेन पुली ब्लॉकमध्ये मालाचे वजनच घर्षणाच्या चकत्या दाबून धरते. या चकत्या कोरड्या हव्यात. ब्लॉक जड चालतो म्हणून वरून तेल ओतले जाते, ते चकत्यांवर उतरते आणि माल हळूहळू खाली सरकू लागतो. त्यावेळी दोष ब्लॉकच्या कंपनीला दिला जातो.

वरच्या लिमिट स्विचची, म्हणजे हूक फार वर गेला की क्रेन थांबवणाऱ्या स्विचची, चाचणी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला, हूक रिकामा ठेवून, सावकाश घ्यावी. ड्रमच्या (रोप गुंडाळणाऱ्या नळकांड्याच्या) फेऱ्यांवर चालणारा स्विच रोप बदलल्यावर पुन्हा सेट करावा लागतो. तो तसाच ठेवला तर ब्लॉक ड्रमला धडकतो आणि रोप तुटतो. हूक सर्वांत खाली असताना ड्रमवर किमान दोन फेरे शिल्लक हवेत.

हायड्राबाबत थोडेच, पण तातडीचे. पुढे माल लटकलेला असतो, बूममुळे चालकाला समोरचे नीट दिसत नाही, आणि हेल्पर माल हाताने धरून गाडीच्या पुढे चालतो. गाडी झटक्याने थांबली किंवा हेल्परचा पाय घसरला, तर तो मालाखाली किंवा चाकाखाली जातो. मालाला दोन दोर बांधून दोन माणसांनी बाजूने चालावे, माल जमिनीपासून फूटभरच वर असावा, बूम पूर्ण आत असावा, आणि वेग माणसाच्या चालीचा असावा.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २९ ने उचलण्याच्या साधनांची तपासणी बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून करून घेण्याचे बंधन घातले. पण बेल्ट एका दुपारीही कापला जाऊ शकतो. म्हणून महापालिका, सिंहस्थाची कामे करणारे ठेकेदार आणि औद्योगिक वसाहतींमधल्या उद्योजक संघटना यांना आमची विनंती अशी. प्रत्येक स्लिंग, बेल्ट, शॅकल आणि चेन ब्लॉकला क्रमांकाचा बिल्ला लावावा. वहीत त्याच क्रमांकापुढे क्षमता, खरेदीची तारीख, तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याचे पूर्ण नाव व सही असावी. तीन महिन्यांनी तपासून त्या तिमाहीचा ठरलेला रंग लावावा, म्हणजे जुन्या रंगाचे सामान लांबूनही ओळखता येते. हायड्रा भाड्याने आली तर तिच्यासोबतच्या स्लिंगचीही वही गेटवर पाहावी, आणि वही नसेल तर साइटवरचे स्वतःचे सामान द्यावे. ही अट निविदेतच घालता येईल. बाद झालेला स्लिंग मात्र भंगारात अखंड टाकू नये. तो मधोमध कापावा आणि कापल्याची नोंद त्याच वहीत, त्याच सहीने करावी.

आपले,
क्रेन व लिफ्टिंग सामानाच्या तपासणी-देखभालीचे काम करणारे तंत्रज्ञ,
सातपूर-अंबड, नाशिक